डासांच्या अळ्या खाणारे पाणकीटक: कुठे उपयोगी, कसे राखायचे, कसे मोजायचे

डासांच्या अळ्या खाणारे कीटक साचलेल्या पाण्यात आपोआप येतात. त्यांना तिथे टिकायला जागा आणि वेळ मिळतो की नाही, एवढाच खरा प्रश्न असतो. नवखा माणूस बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. कुठून तरी चतुराची पिल्ले आणतो, पाण्यात सोडतो आणि डास संपण्याची वाट बघत बसतो. पंधरवड्यात पिल्ले दिसेनाशी होतात, अळ्या वळवळतच राहतात, आणि ‘हे काही खरं नाही’ म्हणून तो औषधाच्या बाटलीकडे वळतो. दोष पिल्लांचा नसतो, ठिकाणाच्या निवडीचा असतो.

ही कल्पना जुनी आहे. १८८९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लॅम्बॉर्न यांनी चतुर वापरून डास आटोक्यात आणता येतील का, यावर निबंधांसाठी पारितोषिके जाहीर केली होती. चतुर मुद्दाम वाढवून मोठ्या प्रमाणावर सोडणे व्यवहारात जमणार नाही, असेच निबंधकारांचे मत पडले. शंभर वर्षांनी, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यांगोन (म्यानमार) येथील प्रयोगात वेगळे चित्र दिसले. तिथे घरोघरच्या पाणी साठवण्याच्या भांड्यांत लाल चतुराच्या एका जातीची पिल्ले सोडली आणि एडीस डासांच्या अळ्या खरोखर घटल्या. पण पिल्ले ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा सोडावी लागली, आणि त्यासाठी लोकांचा हातभार लागला. म्हणजे भांड्यात हे जमते, पण माणसाच्या सततच्या मेहनतीवर जमते. तळ्यात तेच काम तळे स्वतः करते, फक्त त्याला बिघडवायचे नाही.

आधी पाणी ओळखा

ऊबदार हवेत (२५ ते ३० अंश सेल्सिअस) अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. हा आकडा पक्का लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावर चालतात. चतुराच्या पिल्लाला नुसते हाताला लागण्याइतके मोठे व्हायलाही कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे जे पाणी दोन-तीन आठवड्यांत आटते, सांडते किंवा बदलले जाते, तिथे डास जिंकणारच.

बादली, कुंडीखालची ताटली, जुना टायर, पन्हळीत अडकलेले पाणी, अशा २० लिटरच्या आतल्या साठ्यांत कीटकांच्या भरवशावर राहू नका. ते आठवड्यातून एकदा रिकामे करा आणि आतल्या बाजू खरखरीत ब्रशने घासा. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडीसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पाणी पुन्हा चढले की फुटतात.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीत कीटक सोडायचे नाहीत. तिला १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची जाळी घट्ट बसवा आणि विषय संपवा. ओव्हरफ्लोच्या नळीचे तोंड उघडे ठेवू नका, बहुतेक टाक्यांत डास तिथूनच शिरतो.

सांडपाण्याचे गटार, शौचालयाची टाकी, कुजक्या पाल्याने काळे पडलेले डबके इथेही हा उपाय चालत नाही. क्युलेक्स जातीच्या डासांच्या अळ्या शेपटीकडच्या नळीने थेट हवेतून श्वास घेतात, त्यामुळे प्राणवायू नसलेल्या पाण्यात त्या मजेत राहतात. चतुराची पिल्ले पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात, ती तिथे गुदमरतात.

उरते ते आपले क्षेत्र: बागेतले तळे, कमळाचा हौद, शेततळे, पाणथळ जमिनीची कड, वर्षातले बरेच महिने पाणी धरणारा खड्डा, आणि १५०–२०० लिटरच्या वरचे उघडे, न पिण्याच्या पाण्याचे टब.

शिकारी कोण कोण

ओळख पक्की करण्यासाठी महाग साधने लागत नाहीत. बारीक जाळीची हातजाळी (छिद्र सुमारे १ मिमी), पांढरा ट्रे, लांब दांड्याचे ओगराळे, एक भिंग आणि प्लॅस्टिकचा चमचा पुरे. ट्रे पांढराच हवा, कारण निम्मे प्राणी मातकट रंगाचे असतात आणि हलेपर्यंत दिसत नाहीत. जाळीतला माल ट्रेमध्ये ओतल्यावर दोन मिनिटे नुसते बघत राहा.

चतुराचे पिल्लू (निम्फ) ठेंगणे, जाडसर, सहा पायांचे, मळकट असते. डोक्याखाली घडी घातलेला खालचा ओठ हे त्याचे हत्यार. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो ओठ पुढे झेपावतो आणि टोकाच्या आकड्यांत भक्ष्य अडकते. ते गुदद्वारातून पाणी आत-बाहेर करून श्वास घेते आणि धोका वाटला की तेच पाणी जोरात सोडून पुढे उसळते. टाचणीचे (चतुराच्या सडपातळ भाऊबंदाचे) पिल्लू सडपातळ असते आणि त्याच्या शेपटाला तीन चपट्या पानांसारखे कल्ले असतात. इथेच नवख्यांची गफलत होते. मेफ्लाय या दुसऱ्याच पाणकीटकाच्या पिल्लालाही बहुधा तीन शेपट्या असतात, पण त्या दोऱ्यासारख्या बारीक असतात आणि कल्ले पोटाच्या कडांना असतात. मेफ्लायची पिल्ले बहुतांशी शेवाळ आणि गाळ खातात, अळ्यांच्या हिशेबात त्यांना धरू नका.

पाठीवर पोहणारा पाणढेकूण हा माझ्या मते छोट्या तळ्यातला सगळ्यात कामाचा शिकारी आहे. लांब मागच्या पायांची वल्ही करून तो उलटा पोहतो, पृष्ठभागाला खालून टेकून बसतो आणि पाण्यावर उठणाऱ्या तरंगांवरून भक्ष्याचा माग काढतो. डासांच्या अळ्या श्वास घ्यायला येतात त्या नेमक्या तिथेच. त्याच्यासारखाच दिसणारा, पण सुलटा पोहणारा चपट्या पाठीचा कीटक म्हणजे पाणवल्हवी. तो बहुतांशी शेवाळ आणि कुजका पाला खातो. ट्रेमध्ये पंधरा-वीस वल्हव्या बघून ‘शिकारी भरपूर आहेत’ असे समजणे ही नेहमीची चूक.

पाणभुंगेऱ्यांत प्रौढ भुंगेराही खातो, पण खरी खादाड असते त्याची अळी. लांबट, निमुळती, डोक्याला विळ्यासारखे दोन जबडे. ती भक्ष्यात पाचक रस सोडते आणि विरघळलेले मांस शोषून घेते, त्यामुळे ट्रेमध्ये डासांच्या अळ्यांची रिकामी कातडी तरंगताना दिसली तर संशय हिच्यावर घ्या. प्रौढ भुंगेरा पंखांखाली हवा साठवून बुडी मारतो.

बाकीचे थोडक्यात. पाणविंचू शेपटीकडची लांब नळी पाण्याबाहेर काढून दबा धरतो. मोठा पाणढेकूण अळ्यांबरोबर बेडकाची पिल्ले आणि बारके मासेही पकडतो (काही जातींचे नर अंडी पाठीवर वागवतात, तसा नर जाळीत आला तर परत सोडा). निवळ्या नावाचे कीटक पाण्यावर घसरत धावतात आणि पृष्ठभागावर धडपडणारे, नुकते बाहेर पडणारे डास टिपतात. त्यांच्यावर भिस्त ठेवण्यासारखे नाही, पण हाकलण्यासारखेही नाही.

एका डासाचा उल्लेख मुद्दाम करायला हवा. टॉक्सोर्‍हिंकायटिस नावाच्या मोठ्या डासाची अळी इतर डासांच्या अळ्या खाते, आणि प्रौढ मादी रक्त पीत नाही, फुलांच्या मधुरसावर जगते. तिची अळी झाडाच्या ढोलीत, बांबूच्या पेरात, कधी टायरमध्येही सापडते. नेहमीच्या अळीच्या दुप्पट आकाराची, तांबूस-तपकिरी, राठ केसांची. कोषात जाण्याआधी ती कित्येकदा न खाताच समोर येईल त्या अळीला मारत सुटते. गेल्या शतकात पॅसिफिक महासागरातल्या काही बेटांवर हे डास बाहेरून आणून सोडले गेले. त्याने तिथला डासांचा त्रास काही संपला नाही: मादी थोडी अंडी घालते, तिची वाढ सावकाश होते, आणि डासांनी भरलेले प्रत्येक भांडे काही तिला सापडत नाही. तरी टायर रिकामा करताना अशी अळी दिसली, तर तेवढी ढोलीतल्या पाण्यात सोडून द्या.

हात लावताना जपा. पाठीवर पोहणारा ढेकूण आणि मोठा पाणढेकूण दोघेही चावतात आणि तो चावा मधमाशीच्या डंखासारखा झोंबतो. उचलायला चमचा वापरा. ओंजळीत घेऊन लहान मुलांना दाखवायचा मोह टाळा.

तीन मजल्यांचे तळे

एकच जात भरपूर असण्यापेक्षा वेगवेगळ्या थरांत शिकारी असणे महत्त्वाचे. अळ्यांचे वागणे वेगवेगळे असते. ॲनॉफिलिस डासाची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते आणि फारशी खाली जात नाही. एडीस आणि क्युलेक्सच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लटकतात, एडीसची तर खायला वारंवार तळाशी उतरते. तळाच्या गाळात अर्धवट पुरून बसणारे चतुराचे पिल्लू ॲनॉफिलिसला क्वचितच गाठते. तिला गाठतो तो वरचा पाणढेकूण. उलट, तळाशी उतरून गाळ चिवडणारी एडीसची अळी पिल्लाच्या तोंडी आयती जाते. मधल्या थरात पाणवनस्पतींच्या देठांवर बसणाऱ्या टाचण्यांची पिल्ले आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या काम करतात.

नवे तळे करताना मधली खोली ४५ ते ६० सेंटिमीटर ठेवा. एक बाजू उतरती असू द्या, पण उताराला खाचखळगे नकोत. पाणी ओसरताना कडेला सुटी डबकी उरतात, तिथे एकही शिकारी नसतो आणि डासांची चैन होते. खुरांचे आणि पावलांचे ठसेही याच कामाचे. सुट्या डबक्यांचा हा प्रकार इतका नेहमीचा आहे की तळ्यात अळ्या नाहीत आणि डास मात्र आहेत, अशी तक्रार आली की आधी काठ बघावा.

दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. चतुर उन्हातल्या पाण्यावर घिरट्या घालतात आणि अंडी घालतात, गर्द सावलीतल्या तळ्याकडे बहुतेक जाती फिरकत नाहीत. पाण्याखाली वाढणारी एक वनस्पती (हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांपैकी जी आधीच परिसरात असेल ती) आणि पाण्याबाहेर उभे देठ काढणारी एक, एवढे पुरते. देठ हवेतच: वाढ पूर्ण झालेले पिल्लू देठावर चढून कात टाकते. देठ नसेल तर तळ्यात तिरप्या काठ्या रोवा, पाण्यावर ३० सेंटिमीटर तरी उभ्या राहतील अशा.

वनस्पतींनी अर्ध्यापेक्षा जास्त पृष्ठभाग व्यापू देऊ नका. दाट शेवाळाच्या गादीत आणि गवताच्या गुंत्यात अळ्या लपतात, शिकाऱ्याला तिथे हालता येत नाही. जलपर्णीसारख्या तरंगणाऱ्या, लांब मुळांच्या वनस्पती तर पूर्ण काढा. मॅन्सोनिया जातीच्या डासांची अळी श्वासाची नळी मुळात खुपसून तिथूनच हवा घेते. ती पृष्ठभागावर येतच नाही, त्यामुळे ओगराळ्यात सापडत नाही आणि वर टपून बसलेल्या शिकाऱ्यालाही सापडत नाही.

मासे सोडायचे की कीटक राखायचे, हे एकदाच ठरवा. मासा पाणकीटकही आवडीने खातो, आणि गप्पी किंवा गॅम्बुसिया सोडलेल्या तळ्यात चतुराची पिल्ले मोठी होण्याची आशा फार धरू नये. गॅम्बुसिया तर मूळ प्रदेशाबाहेर जिथे जिथे सोडला, तिथल्या स्थानिक माशांना आणि बेडकांना त्याने उपद्रव दिला आहे. उघड्या निसर्गात तो सोडूच नका.

नळाचे पाणी भरणार असाल तर क्लोरीन उडून जायला २४ ते ४८ तास उघडे राहू द्या. क्लोरामाइन वापरलेले पाणी मात्र नुसते ठेवून निवळत नाही, त्याला मत्स्यालयासाठी मिळणारे क्लोरीननाशक लागते.

पहिले सहा आठवडे

बहुतेक जण इथेच हरतात. तळे भरल्यावर दोन-तीन दिवसांत डासाची पहिली मादी अंडी घालून जाते. क्युलेक्सच्या अंड्यांचा एक तरंगता पुंजका (तराफा) म्हणजे शंभर ते तीनशे अंडी. दहाव्या दिवसापर्यंत कोष दिसू लागतात. पाणढेकूण आणि भुंगेरे उडत येतात, नशीब असेल तर पहिल्या काही दिवसांत, नाहीतर काही आठवड्यांनी. चतुराने पहिल्या आठवड्यात अंडी घातली तरी पिल्लू डासाची मोठी अळी पकडण्याजोगे व्हायला महिना तरी जातो. म्हणजे मधला महिनाभर तळे हे डासांचे पाळणाघर असते.

हा काळ बीटीआय वापरून निभावून न्या. बीटीआय म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस इस्रायलेन्सिस, हा जिवाणू १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. त्याचे विषारी स्फटिक अळीने गिळले की तिच्या आतड्यात विरघळून काम करतात. चतुर, पाणढेकूण, भुंगेरे यांना त्याची बाधा होत नाही. चिलटवर्गातल्या काही अळ्यांना जास्त मात्रेत होते. मात्रा वेष्टनावर पाण्याच्या पृष्ठभागाप्रमाणे दिलेली असते, आकारमानाप्रमाणे नव्हे, तेव्हा तळ्याची लांबी-रुंदी मोजा. पहिल्या लहान अळ्या दिसल्या की टाका. कोष दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला: कोष काही खात नाही, आणि कोषात जाण्याच्या बेतातली अळीही खाणे थांबवते. दाणेदार किंवा द्रव स्वरूपाचा असर बहुधा एक-दोन आठवड्यांत उतरतो, म्हणून शिकारी दिसू लागेपर्यंत पुन्हा टाकत राहावे लागते.

टेमेफॉस, पायरेथ्रॉइड किंवा पृष्ठभागावर पसरणारे तेल यांपैकी काही वापरले तर हा सगळा खटाटोप वाया. पहिली दोन रसायने कीटक म्हणून शिकाऱ्यांनाही मारतात. तेल श्वासाला वर येणाऱ्या प्रत्येकाला बुडवते, त्यात पाणढेकूण आणि भुंगेरे आलेच. त्यानंतर काय होते, तर डास आठवड्यात परततात आणि शिकारी महिन्या-दोन महिन्यांनी. फवारलेले तळे न फवारलेल्यापेक्षा वाईट होते, ते असे. शेजारच्या पिकावरची किंवा बागेतली फवारणी वाऱ्याने येते, तिचीही दिशा आणि वेळ माहीत करून घ्या.

बाहेरून शिकारी आणायचेच असतील तर

तळ्याला बहुधा गरज पडत नाही. टबाला पडते. आणायचे ते जवळच्या, त्याच पाणलोटातल्या पाण्यातून. दूरच्या तळ्यातले पाणी आणू नका, थेंबभरही नको. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी, परक्या गोगलगायी, उपद्रवी वनस्पतींचे तुकडे असेच प्रवास करतात. जाळी आणि बूट एका पाण्यातून दुसऱ्यात नेताना धुऊन पूर्ण वाळवा. संरक्षित क्षेत्रातून काही उचलू नये, आणि इतरत्रही नियम काय आहेत ते आधी विचारून घ्यावे.

चतुराचे १२ ते २० मिमी लांबीचे पिल्लू निवडा. याहून लहान असेल तर डासाच्या मोठ्या अळ्या त्याला झेपत नाहीत. पाठीवरचे पंखांचे कोंब फुगून गडद झाले असतील तर ते पिल्लू लवकरच कात टाकून उडून जाणार, खाणेही त्याने कमी केलेले असते, तेव्हा ते तिथेच राहू द्या. प्रत्येक पिल्लू वेगळ्या डबीत ठेवा. एका डबीत पाच ठेवली तर पोचेपर्यंत तीन उरतात, आणि त्यातल्या दोघांचे पाय तुटलेले असतात. तास-दोन तासांच्या प्रवासाला डबीत भरून पाणी लागत नाही. ओली पाणवनस्पती आणि चमचाभर पाणी ठेवा, हवा खेळती राहते आणि पाणी डचमळत नाही.

सोडताना डबी टबातल्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवा, मग हळूच कलती करा. २०० लिटरच्या टबाला ३–४ पिल्ले पुरे. त्याहून जास्त सोडली तर ती एकमेकांना खातात आणि शेवटी आकडा तिथेच येऊन थांबतो. प्रत्येकाला आडोसा मिळावा म्हणून टबात देठांचे दोन-तीन वेगळे जुडगे ठेवा. पाठीवर पोहणारे ढेकूण टबात सोडू नका असे नाही, पण ते रात्रीत उडून जातात आणि जाळी लावून कोंडले तर उपासमारीने एकमेकांवर उलटतात.

टबातल्या अळ्या संपल्यावर पिल्लाचे काय, असा प्रश्न हमखास येतो. ते बरेच दिवस उपाशी तग धरते आणि नवी अंडी फुटली की पुन्हा कामाला लागते. पावाचे तुकडे किंवा माशांचे खाद्य टाकू नका. ते पिल्लू खात नाही, पाणी मात्र कुजते आणि डासांना आमंत्रण जाते.

बरणीतली परीक्षा

हाती लागलेला प्राणी खरोखर अळ्या खातो का, हे बघायला एक दिवस पुरतो.

१. सारख्या आकाराच्या दोन बरण्या घ्या. दोन्हींत त्याच तळ्यातले, कापडातून गाळलेले १ लिटर पाणी आणि एकेक देठ ठेवा.

२. दोन्हींत मध्यम ते मोठ्या आकाराच्या २० अळ्या मोजून सोडा. कोष घेऊ नका.

३. एका बरणीत एक शिकारी सोडा. दुसरी तशीच राहू द्या.

४. तोंडाला जाळीचे कापड बांधा. शिकारी उडून जाऊ शकतो आणि एखादी अळी कोष होऊन डासही बाहेर पडू शकतो.

५. सावलीत ठेवा, २४ तासांनी अळ्या आणि कोष दोन्ही मोजा.

शिकाऱ्याच्या बरणीत ३ उरल्या आणि दुसरीत १९, तर १६ त्याच्या पोटात गेल्या असे धरा. दुसऱ्या बरणीतच पाच-सहा मेल्या असतील तर पाण्यात किंवा हाताळण्यात काही बिघडले आहे, परीक्षा पुन्हा घ्या. वीसच्या वीस संपल्या तर पुढच्या वेळी ५० सोडा, नाहीतर भूक किती ते कळणार नाही. मात्र बरणीतला आकडा तळ्याला लावू नका. बरणीत खायला दुसरे काहीच नसते आणि भक्ष्याला लपायला जागा नसते. तळ्यात तेच पिल्लू लाल चिलटअळ्या, पाणपिसवा, दुसऱ्या चतुराची पिल्ले असे जे सोपे सापडेल ते खाते. दिवसाला इतक्या अळ्या गुणिले इतकी पिल्ले, असले गणित मांडून केलेल्या दाव्यांवर विश्वास ठेवू नये.

आठवड्याची मोजणी

सुमारे ३५० मिलिलिटरचे, आतून पांढरे ओगराळे घ्या. सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने या, कारण सावली पडली की अळ्या बुडी मारतात. ओगराळे ४५ अंशांत कलते धरून कडेच्या वनस्पतींजवळ पटकन बुडवा, काठोकाठ भरायच्या आत उचला. असे दहा वेळा, दहा वेगळ्या जागी, मध्ये दोन-तीन मिनिटे थांबून. प्रत्येक वेळी तीन रकाने भरा: लहान अळ्या, मोठ्या अळ्या, कोष. नंतर हातजाळीने एकेक मीटरचे पाच फटके मारा, शिकारी जातवार मोजा आणि सगळे परत पाण्यात सोडा.

आता हे आकडे वाचायचे कसे? लहान अळ्या दिसल्या म्हणून घाबरू नका. माद्या अंडी घालतच राहणार. मोठ्या अळ्या तुरळक आणि कोष शून्य असतील तर शिकारी आपले काम चोख करत आहेत. कोष हाच खरा आकडा, कारण दोन-एक दिवसांत त्याचा डास होतो. लागोपाठ दोन आठवडे कोष सापडले तर कारण शोधा. बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एक निघते: वनस्पती माजल्या, काठाला डबके सुटले, कोणी मासे सोडले, पाणी घाण झाले, कुठून तरी औषध आले. कारण सापडेपर्यंत बीटीआयची एक मात्रा द्या.

पाचही फटक्यांत शिकारी एकदम नाहीसे झाले असतील आणि काठावरच्या देठांवर रिकाम्या काती चिकटलेल्या असतील, तर ती वाईट बातमी नाही. चतुर मोठे होऊन उडाले. पण पुढची पिढी मोठी होईपर्यंत खिंडार पडते, त्या आठवड्यांत मोजणी दर तीन-चार दिवसांनी करा. काती गोळा करून मोजल्या तर तळ्याने किती चतुर दिले याचा सगळ्यात विश्वासार्ह हिशेब मिळतो, आणि त्यासाठी एकही प्राणी धरावा लागत नाही.

तळ्यात कोष नाहीत आणि घरात डास तेवढेच, असे झाले तर तळ्याला दोष देण्याआधी आजूबाजूचा शंभर-दोनशे मीटरचा परिसर पालथा घाला. एडीस इजिप्ती सहसा याच टप्प्यात वावरतो. क्युलेक्स मात्र किलोमीटरभरावरूनही येतो. आणखी एक गंमत आहे. काही डासांच्या माद्यांना पाठीवर पोहणाऱ्या ढेकणांचा पाण्यातला वास कळतो आणि त्या तिथे अंडी घालायचे टाळतात. म्हणजे तुमचे तळे चांगले चालले की मादी शेजारच्या विसरलेल्या बादलीकडे वळते. तळे आणि बादली ही दोन्ही कामे एकाच दिवशी करायची ती यासाठी. उडणारे चतुर डास खातात खरे, पण ते दिवसा हिंडतात आणि बरेच डास संध्याकाळनंतर, म्हणून त्या बाजूने फार अपेक्षा नको.

साफसफाई आणि दिवे

तळे पूर्ण उपसून घासणे म्हणजे पहिल्या सहा आठवड्यांचा खेळ पुन्हा मांडणे. गाळ काढायचा तर एका वेळी एक तृतीयांश भागातला, आणि तळाला दोन-तीन सेंटिमीटर थर राहू द्या. पुढचा भाग महिनाभराने. उपटलेल्या वनस्पती काठाला पाण्यालगत रात्रभर पसरून ठेवा, त्यात अडकलेली पिल्ले आणि भुंगेरे सरपटत परत जातात. दुसऱ्या दिवशी खतात टाका. पंप असेल तर शोषणाऱ्या तोंडाला जाड स्पंज बांधा आणि तो दर आठवड्याला पिळून धुवा, नाहीतर लहान पिल्ले पात्यांत जातात. कारंज्याने पाणी हलते राहते तेवढ्या भागात डास अंडी घालत नाहीत, कोपरे मात्र स्थिरच असतात.

उन्हाळ्यात पातळी उतरली की थोडे थोडे पाणी भरत राहा, एकदम निम्मे तळे नळाच्या पाण्याने भरू नका. आणि तळ्याशेजारी प्रखर दिवा लावू नका. पाणभुंगेरे आणि पाणढेकूण रात्री उडतात, पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून नवे पाणी हुडकतात आणि दिव्याखाली चमकणारी फरशी किंवा गाडीचे छत पाणी समजून तिथे उतरतात. सकाळी दिव्याखाली उताणे पडलेले भुंगेरे दिसले, तर दिवा पिवळ्या रंगाचा, खाली तोंड असलेला करा किंवा तळ्यापासून दूर हलवा. जिवंत असतील ते चमच्याने उचलून पाण्यात सोडले की बहुतेक लगेच बुडी मारतात.